अम्मींचे तीस रोजे

आमच्या घरी फ्रिजवर एक शंभरपानी वही असते. माझ्या सासूबाईंची, म्हणजे अम्मींची. त्यांना पंधरा-सोळा वर्षांपासून दमा आहे. ज्यांच्या घरात दमेकरी आहे त्यांना ठाऊक असेल, अशा घरात दोन पंप असतात. एक रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायचा, आणि दुसरा निळा, धाप लागली की घ्यायचा. निळा पंप वारंवार लागू लागला तर दमा ताब्यात नाही असं समजायचं. म्हणून आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "निळा पंप कधी लागला ते लिहून ठेवत जा." वर्गाचा हजेरीपट भरायची सवय असल्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. तारीख, वेळ आणि पुढे एक काडी. रात्री वाफ द्यावी लागली तर काडीभोवती गोल.

लॉकडाऊनला मार्च २०२५ मध्ये पाच वर्षं झाली, म्हणून ही वही पुन्हा काढून बसले. फेब्रुवारी २०२० च्या पानावर काड्याच काड्या आहेत, पाच गोल आहेत. मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतही तेच. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देश बंद. मग काड्या विरळ होत जातात. एप्रिलमध्ये सलग नऊ दिवस कोरे आहेत. वहीत त्याआधी असे सलग नऊ दिवस कुठेच नाहीत.

आम्ही वसई पूर्वेला राहतो. एका बाजूला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याचे औद्योगिक गाळे, पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि त्याच्यामागे तुंगारेश्वरचे डोंगर. मुंबईकरांना वसई म्हटलं की केळीच्या बागा, फुलांच्या वाड्या, चर्च आणि किल्ला आठवतो. तो पश्चिम पट्टा. पूर्वेची वसई वेगळी आहे. इथे पावडर कोटिंग, प्लेटिंग, प्लास्टिक, रबर, फर्निचर असं सगळं गाळ्यागाळ्यांतून चालतं. महामार्गावर दिवसरात्र ट्रेलर आणि काँक्रीटच्या गाड्या. शिवाय गोखिवऱ्याची कचराभूमी, जिच्यात अधूनमधून आग धुमसते. ज्या दिवशी तिकडून वारा येतो त्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेतो आणि वहीत काडी पडते.

लॉकडाऊनमध्ये हे सगळं एकदम थांबलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तेव्हा तुंगारेश्वरच्या डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसत होती. एरवी तिथे नुसता एक राखाडी उंचवटा असतो. त्याच दिवसांत पंजाबातल्या जालंधरहून हिमालयाची धौलाधार रांग दिसू लागल्याचे फोटो मोबाईलवर फिरत होते. नासाच्या उपग्रहांनी उत्तर भारतावरच्या हवेतले सूक्ष्म कण मोजले, ते त्या दिवसांसाठी गेल्या २० वर्षांतले सर्वांत कमी निघाले. मुंबई, दिल्ली, पुणे, अहमदाबाद, सगळ्या मोठ्या शहरांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड घटल्याचं उपग्रहाच्या नकाशांत दिसत होतं. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे आले, त्यांचेही फोटो आले. ते दर वर्षीच येतात, पण त्या वर्षी लोकांना घरी बसून बघायला वेळ होता.

मग रमजान आला. २४ एप्रिल, शुक्रवार. मशिदी बंद होत्या, जुम्मा घरीच झाला होता. एरवी चांद बघायला पुरुष मंडळी मशिदीच्या आवारात जमतात आणि आम्हा बायकांपर्यंत फक्त बातमी येते. त्या संध्याकाळी मी, अम्मी आणि माझी मुलगी गच्चीवर गेलो. पश्चिमेला शुक्राची चांदणी इतकी तेजस्वी होती की मुलीला ते विमानच वाटलं. तिच्या बरंच खाली, क्षितिजाजवळ, नखाएवढी कोर. अम्मींनी चष्मा लावायच्या आधीच ती बघितली. दुआ मागून झाल्यावर म्हणाल्या, "पंचवीस वर्षं झाली वसईत येऊन, इथून चांद असा कधी दिसला नव्हता."

त्या रमजानची गोष्ट मला सांगायची आहे. अम्मींसाठी दमा म्हणजे नुसती धाप नाही, रोज्याचा प्रश्न आहे. रोजचा पंप सेहरीला आणि इफ्तारला घेता येतो. पण दुपारी धाप लागली आणि निळा पंप घेतला, तर आमच्या मौलानांच्या मते रोजा तुटतो. वेगळं मत असलेले उलेमा आहेत हे मला माहीत आहे, मी अम्मींना ते वाचूनही दाखवलं आहे. पण त्यांचं मन त्याला तयार होत नाही. आजाऱ्याला सवलत आहे, रोज्याच्या बदल्यात फिदया देता येतो, गरिबाला जेवू घालता येतं. त्या ते करतातही. तरीही सुटलेला प्रत्येक रोजा त्यांना मनातून लागतो. २०१९ मध्ये त्यांचे बारा रोजे सुटले होते.

२०२० मध्ये आपल्याकडे रमजान तीस दिवसांचा झाला, २५ एप्रिल ते २४ मे. अम्मींचे तीसही रोजे पूर्ण झाले. एकही काडी दिवसा पडली नाही. शेवटच्या इफ्तारला खजूर हातात धरून त्या रडल्या. म्हणाल्या, "अल्लाह, हवा अशीच राहू दे."

माझ्या तोंडून आमीन निघता निघता अडकलं. कारण समोर माझा धाकटा दीर बसला होता.

तो वालीवच्या एका गाळ्यात प्लेटिंगचं काम करतो. दोन महिने गाळा बंद, पगार बंद. मालकाने पहिल्या महिन्यात थोडे पैसे दिले, मग फोन उचलणं सोडलं. हवा अशीच राहू दे, म्हणजे गाळा असाच बंद राहू दे. अम्मींना तसं म्हणायचं नव्हतं हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं, त्यालाही. तो हसून म्हणाला, "अम्मी, मीच तर तो धूर आहे." कुणी काही बोललं नाही.

माझ्या वर्गाची हालत त्याहून वाईट होती. मी नालासोपाऱ्याच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. आमच्या मुलांचे वडील जरीकाम करतात, गाळ्यांत मशीन चालवतात, रिक्षा चालवतात, भंगार गोळा करतात. एप्रिलमध्ये मी मोबाईलवर वर्ग सुरू केला तेव्हा बेचाळीस मुलांपैकी अकरा आली. मे महिन्यात त्यांतलीही चार उत्तर प्रदेशला गेली. वसईच्या सनसिटी मैदानावर श्रमिक ट्रेनसाठी हजारो लोक उन्हात उभे होते, ते आम्ही बातम्यांत बघितलं. महामार्गावरून लोक पायी निघाले होते. ज्या रस्त्यावरचा धूर अम्मींना सोसत नव्हता, त्या रस्त्यावर आता धूर नव्हता आणि माणसं चालत होती. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघाले होते.

म्हणून "लॉकडाऊनने निसर्गाला श्वास घेऊ दिला" असले संदेश आले की मला ते पुढे पाठवता येत नसत.

आणखी एक हवा त्या दिवसांत होती, तिचाही उल्लेख केला नाही तर हे लिखाण अर्धं राहील. दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि पाहता पाहता आजाराला धर्म मिळाला. वसईत १४-१५ मार्चला होणारा इज्तिमा पोलिसांनी परवानगी नाकारल्यामुळे झालाच नव्हता, तरी वसईचं नाव चर्चेत आलंच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, भाजी-फळं "त्यांच्याकडून" घेऊ नका. ग्रुपमध्ये मी होते. सात वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसांनी आपापल्या घरात बसून तो संदेश वाचला आणि काही लिहिलं नाही. तासाभराने खालच्या मजल्यावरच्या एका ख्रिस्ती काकूंनी एवढंच लिहिलं, "मी आजही त्याच्याकडूनच भाजी घेतली, छान होती." पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. पण तो निकाल काही सोसायटीच्या ग्रुपवर आला नाही.

पुन्हा वहीकडे येते. मी विज्ञानाची शिक्षिका नाही, पण वही बघून पटकन निष्कर्ष काढायचा मोह मला झाला होता आणि तो चुकीचा ठरला असता. अम्मींना बरं वाटलं ते फक्त धूर कमी झाल्यामुळे का? त्या घराबाहेरच पडत नव्हत्या. रिक्षाच्या मागे बसत नव्हत्या, बाजारात जात नव्हत्या. सर्दी-खोकला घेऊन कुणी पाहुणा येत नव्हता. आणि एक मोठी गोष्ट, मार्च ते मे ह्या काळात आपल्या किनाऱ्यावरची हवा तशीही हिवाळ्यापेक्षा बरी असते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, समुद्राकडून येणारा वारा मंद पडतो आणि धूर खालीच कोंडतो. उन्हाळ्यात दुपारी समुद्राचा वारा सुटतो आणि बरंच काही वाहून नेतो. म्हणजे फेब्रुवारीची एप्रिलशी तुलना करून सगळं श्रेय लॉकडाऊनला देता येत नाही. एप्रिलची तुलना आधीच्या वर्षांच्या एप्रिलशी करायला हवी. मी वहीत ती केली. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेवीस काड्या, २०२० च्या एप्रिलमध्ये सहा. एका माणसाच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, पण फरक आहे.

शास्त्रज्ञांनी मोठ्या शहरांत जे मोजलं तेही सरळ रेषेत नव्हतं. नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, कारण तो मुख्यतः गाड्यांच्या आणि भट्ट्यांच्या ज्वलनातून येतो आणि हवेत काही तासच टिकतो. नळ बंद केला की बादली लगेच रिकामी दिसते, तसं. पण पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीचा वीस-तिसावा हिस्सा. ते कमी झाले, मात्र नायट्रोजन डायऑक्साइडइतके नाही. कारण ते फक्त गाडीतून येत नाहीत. चुलीतून येतात, कचरा जाळण्यातून येतात, वीज केंद्रांतून येतात, धुळीतून येतात, आणि काही तर हवेतच दोन वायूंच्या संयोगाने तयार होतात. गंमत म्हणजे काही शहरांत जमिनीलगतचा ओझोन उलट वाढला. गाड्यांच्या धुरातला एक वायू एरवी ओझोनला खाऊन टाकतो, तो धूरच नसल्यामुळे ओझोन उरला. आणि पृथ्वीवरच्या कार्बन डायऑक्साइडला तर काही फरकच पडला नाही. मे २०२० मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत तो ४१७ पीपीएम मोजला गेला, तोवरचा उच्चांक. शतकभर साठलेलं दोन महिन्यांत उतरत नाही.

तरी एक गोष्ट त्या दोन महिन्यांनी सिद्ध केली. आपल्या शहरांवरचा राखाडी थर हे काही हवामान नाही. तो आपण रोज बनवतो, आणि बनवणं थांबवलं तर काही दिवसांत विरतो.

पण तो विरायला गाळे बंद व्हावे लागतात का? ह्याचं उत्तर मला जूनमध्ये मिळालं. १५ जूनला लोकल सुरू झाली, फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. बाकी वसई-विरारच्या माणसाने मुंबईत कामाला जायचं कसं? काही एसटीने गेले, बरेच दुचाकीवर गेले, चौघांत भाडं वाटून गाड्या केल्या. महामार्ग पुन्हा भरला. २२ जुलैला नालासोपाऱ्यात एसटी बस मिळत नाहीत म्हणून संतापलेले प्रवासी थेट रुळांवर उतरले. सर्वसामान्यांसाठी लोकल १ फेब्रुवारी २०२१ ला उघडली, तीही ठरावीक वेळांत. साथीच्या काळात गर्दी टाळायची होती, त्यामागची भीती खरी होती. पण हवेच्या हिशेबात बघा. लोकल विजेवर चालते, एका गाडीत हजारो माणसं जातात. मुंबईच्या पोटातलं सर्वांत स्वच्छ वाहन तेच. ते बंद आणि दुचाक्या सुरू, म्हणजे कामही धड नाही आणि हवाही नाही. त्यावरूनच मला कळलं की काम आणि हवा ही काही तराजूची दोन पारडी नाहीत. माणूस कामावर कशाने जातो आणि गाळा कशावर चालतो, ह्यावर बरंचसं अवलंबून आहे.

पुढचं वर्ष आठवलं की अजून छातीत कळ येते. १४ एप्रिल २०२१ ला रमजान सुरू झाला आणि सगळीकडे एकच शब्द होता, ऑक्सिजन. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि २० हून अधिक रुग्ण गेले. २३ एप्रिलच्या पहाटे आमच्या विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, १५ रुग्ण गेले. त्याच आठवड्यात अम्मींना कोरोना झाला. बोटाला लावायच्या यंत्रावर ९० चा आकडा बघत मी रात्रभर बसले. मशिदीच्या कमिटीने ऑक्सिजनचं मशीन घरी पोचवलं, त्यांच्या यादीत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांची नावं होती. अम्मी वाचल्या. वहीत त्या महिन्याचं पान मी भरलंच नाही.

आज वसई-विरारची हवा परत पूर्वीच्या जागी आहे. आपलं शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यासाठी केंद्राचा निधीही येतो. रस्ते झाडायची यंत्रं, पाण्याचे फवारे दिसतात. पण बांधकामावरचे हिरवे पडदे फाटलेले असतात आणि काँक्रीटच्या गाड्या उघड्याच धावतात. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या औद्योगिक पट्ट्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुण मिळाले होते, देशात पहिला नंबर. असा पहिला नंबर कुणाला हवा असतो? पीएम २.५ साठी आपल्या देशाची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा १० वरून ५ वर आणली. आपल्याकडे "समाधानकारक" लिहिलेल्या दिवशीही अम्मींच्या वहीत काडी पडते, त्याचं कारण इथे असावं.

सरकारला बोलताना स्वतःच्या घराकडेही बघायला हवं. आमच्या वस्तीत तांबं काढण्यासाठी वायरी जाळल्या जातात. संध्याकाळी तो आंबट, काळा धूर येतो. बेकरीच्या भट्टीत जुन्या फर्निचरची रंग लावलेली लाकडं जातात. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर या, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं तेव्हा आमच्याकडे "हे फक्त आपल्यालाच का" असा सूर निघाला. त्या पाववाल्याला गॅसची भट्टी परवडत नाही हे खरं आहे, त्यासाठी त्याला कर्ज आणि सवलत मिळायला हवी, हेही खरं. पण भट्टीसमोर रोज दहा तास उभा राहणारा मुलगा कुणाचा आहे? आमचाच ना? रस्त्यातला काटा बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, असं आम्ही मक्तबमध्ये शिकतो. हवेतला काटा दिसत नाही, एवढाच फरक.

मागच्या वर्षी नववीला मी "माझा आठवणीतला काळ" असा निबंध दिला होता. एका मुलीने लॉकडाऊनवर लिहिलं. ती तेव्हा चौथी-पाचवीत असेल. तिची मराठी अजून उर्दूच्या वळणाने चालते. तिने लिहिलं होतं की तेव्हा आभाळ साफ होतं, रात्री तारे दिसायचे, दादीला खोकला नव्हता, पण अब्बा घरी बसून होते आणि आम्ही दोन वेळा चहा-पावच खायचो. शेवटी लिहिलं होतं, मला तारे पण पाहिजे आणि अब्बाचं काम पण पाहिजे. मी "पण"च्या वापराखाली लाल रेघ ओढायला पेन उचललं होतं. मग तसंच ठेवून दिलं.

माझा दीर आता दुसऱ्या गाळ्यात आहे. तिथे मालकाने वाफ ओढून घेणारं यंत्र बसवलं आहे आणि ते चालूही ठेवतात. "आधीच्या गाळ्यात पण होतं," तो सांगतो, "साहेब लोक यायचे त्या दिवशी सुरू करायचे." पगार जवळपास तेवढाच आहे, पण रात्रीचा त्याचा खोकला कमी झाला आहे. म्हणजे होऊ शकतं. त्यासाठी लॉकडाऊन लागत नाही.

२०२५ मध्ये रमजान मार्चमध्ये होता. अम्मींचे नऊ रोजे सुटले. आता त्यांचं वयही झालं आहे, सगळा दोष हवेला देत नाही. चांदरातीला त्या म्हणाल्या, "गच्चीवर जाऊ या." मी हात धरून नेलं. पश्चिमेला धुरकट होतं, एक नवी इमारतही उभी राहते आहे. आम्ही बराच वेळ थांबलो. शेवटी खालून मुलीने हाक मारली, मोबाईलवर बातमी आली होती, चांद दिसला. अम्मींनी तिथेच उभं राहून दुआ मागितली. ह्या वेळी त्यांनी काय मागितलं ते मी विचारलं नाही. खाली आल्यावर निळा पंप घेतला, आणि मी वहीत काडी ओढली.